नामकरणाच्या तासाला निघालेला प्रश्न

अकरावीला सेंद्रिय संयुगांचे नामकरण शिकवताना पेंटेन, हेक्सेन, हेप्टेन, ऑक्टेन अशी नावे फळ्यावर लिहून कार्बनचे अणू मोजून दाखवले की अभ्यासक्रमाचे काम भागते. नॉनेनमधला ‘नॉन’ लॅटिन असून त्याचे शेजारी ग्रीक आहेत, आणि मिथेनपासून ब्युटेनपर्यंतच्या नावांत तर अंकच नाहीत, ब्युटेनचे नाव लोण्यातल्या आम्लावरून आले आहे, हे क्लासच्या छापील तक्त्यांत कोणी सांगत नाही. मुले ते तक्ते नुसते घोकतात, याची मला मनापासून चीड आहे.

गेल्या आठवड्यात मराठी माध्यमातून आलेल्या एका विद्यार्थिनीने वही पुढे केली. तिने रकाने आखले होते: षट्, सेक्स्ट, हेक्सा, सप्त, सेप्ट, हेप्टा, दश, डेसि, डेका. “सर, आपल्याकडे आणि लॅटिनमध्ये ‘स’ आहे, तिथे ग्रीकमध्ये ‘ह’ का?” तौलनिक भाषाशास्त्र ज्या नियमित ध्वनिबदलांवर उभे आहे, त्यांपैकी एक तिने कोणी न शिकवता हेरला होता.

मागून आवाज आला, “म्हणजे सगळे संस्कृतमधूनच गेले.” मी शेवटच्या ओळीकडे बोट दाखवले. सप्तमध्ये मूळचा ‘स’ संस्कृतने राखला आणि ग्रीकने बदलला. दशमध्ये मात्र मूळचा कंठ्य वर्णाजवळचा ध्वनी ग्रीक-लॅटिनने ‘क’ म्हणून राखला आणि संस्कृतने त्याचा ‘श’ केला. दोघींनी वेगवेगळे काही जपले, म्हणून त्या एकमेकींच्या आई-मुली नव्हे, तर एकाच मूळ भाषेतून आलेल्या बहिणी ठरतात. संस्कृतमधून खरोखर उचललेला अंक हवा असेल, तर रशियन रसायनशास्त्रज्ञ मेंडेलीव्हने 1871 मध्ये भाकीत केलेले ‘एका-सिलिकॉन’ हे मूलद्रव्य पाहावे. ते 1886 मध्ये जर्मेनियम म्हणून सापडले.

“संस्कृतातून आले असे सांगून मोकळे व्हा, मुलांना अभिमान वाटेल,” असे एक सहकारी नंतर म्हणाले. मला हे मुळीच पटत नाही, कारण त्या उत्तराने तिची वही तिथेच मिटली असती.

तिने ती मिटली नाही. दुसऱ्या दिवशी मराठीचा रकाना वाढला होता आणि नवा प्रश्न तयार होता: दशचा ‘दहा’ झाला, मग सप्तचा ‘सात’ का राहिला? ग्रीकमध्ये शब्दारंभीचा ‘स’ बदलला, तर आपल्याकडे दोन स्वरांमधला ‘श’ प्राकृतातून ‘ह’ झाला, आणि हिंदीच्या ‘बारह’, ‘तेरह’मध्ये तो अजून लिहिला जातो, एवढे मी सांगू शकलो. नामकरणाचा उरलेला भाग त्या दिवशी राहून गेला.