आठ तास मोजल्याशिवाय पाटी नाही

मोहल्ल्यातून गाड्या सुसाट जातात म्हणून इथे अमेरिकेतले लोकही अर्ज करतात: चौकात चारही बाजूंना 'स्टॉप'ची पाटी लावा. पुष्कळदा उत्तर येतं, नाही. अर्ज नामंजूर होणं आपल्याला काय नवं? पण इथल्या नकाराला मोजणीचा तक्ता टाचलेला असतो. कोणत्या तासाला किती गाड्या आल्या, कुठून आल्या, कुठं वळल्या. इथल्या उंच इमारतींचं वाटलं नाही तेवढं अप्रूप या कागदाचं वाटतं.

रस्त्यावरच्या पाट्या-सिग्नलांच्या नियमांचं मूळ पुस्तक देशभर एकच, एमयूटीसीडी. पहिलं 1935 चं, अकरावी आवृत्ती 2023 च्या डिसेंबरातली. चारही बाजूंना स्टॉप हवा तर दिवसातले 8 तास दाखवावे लागतात. त्या तासांत मोठ्या रस्त्यावर दोन्हीकडून मिळून तासाला सरासरी 300 वाहनं हवीत, आडव्या रस्त्यावर वाहनं, सायकली आणि पायी माणसं धरून 200. मोठ्या रस्त्याचा वेग ताशी 40 मैलांच्या, म्हणजे सुमारे 64 किलोमीटरच्या वर असेल तर हेच आकडे सत्तर टक्क्यांवर येतात, 210 आणि 140. आणि वेग म्हणजे सरासरी नव्हे. मोकळ्या रस्त्यावर निदान 100 गाड्यांचा वेग टिपायचा, चढत्या क्रमानं लावायचा आणि शंभरातला 85 वा आकडा धरायचा. अपघातांचा निकष वेगळा. चार रस्ते मिळतात तिथं 12 महिन्यांत 5 अपघात हवेत, तेही पाटी असती तर टळले असते अशातलेच. मागून ठोकरलेली गाडी त्यात धरत नाहीत.

मोजणी दर पंधरा मिनिटांनी लिहितात. चौकाला चार बाजू, प्रत्येक बाजूनं डावीकडे, सरळ, उजवीकडे, असे बारा रकाने. मंगळवार ते गुरुवार, शाळा सुरू असताना, पाऊस नसताना. सोमवार-शुक्रवारची गर्दी फसवी असते म्हणून ते दिवस टाळतात.

एवढा आटापिटा कशाला? कारण वेग कमी करायला स्टॉपची पाटी लावू नये, असं त्याच पुस्तकात लिहिलंय. आडव्या रस्त्यानं कोणी येतच नसेल तर चार दिवसांत ड्रायव्हरला ते कळतं. मग तो नुसता ब्रेकला पाय लावून सरकतो आणि थांबण्यात गेलेला वेळ पुढच्या दोन चौकांच्या मधे भरून काढतो. ती सवय पुढं जिथं खरंच थांबायला हवं तिथंही सोबत येते.

आता कोणी म्हणेल, तिकडं बसून ज्ञान पाजळणं सोपं आहे. खरं आहे. पण इथल्या मोजणीत बैलबंडीला वेगळी जागा नाही, आपल्या पुस्तकात आहे. रस्त्यांची मापं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या ग्रामीण रस्त्यांच्या हिशोबात कार एक धरली तर दुचाकी अर्धी, एसटी किंवा ट्रक 3, ट्रॅक्टर-ट्रॉली साडेचार आणि बैलबंडी 8. आपल्या फाट्यावर तासाला 40 बंड्या नि ट्रॉल्या गेल्या तर नुसत्या गाड्या मोजून काय कळणार? नियमही आहेत. पाटी नसलेल्या चौकात उजव्या हाताकडून येणाऱ्याला आधी वाट द्यायची, हे आपल्याकडेही लिहिलेलं आहे. फाट्यावर मात्र क्रम वजनाप्रमाणं लागतो: ट्रक, एसटी, काळी-पिवळी, मग बाकीचे. अमरावती–अकोला मार्गावर 2022 मधे 75 किलोमीटरची लेन 105 तास 33 मिनिटांत डांबरून आपण जागतिक विक्रम केला. त्यापुढं 8 तासांची मोजणी काय जड आहे?

पण फाट्यावरचं पहिलं काम पाटी नाही, नजर. बंडी चालत्या माणसाच्या वेगानं जाते. सात मीटरचा रस्ता अन् बैलांसकट पाच-सहा मीटरची तिची लांबी, म्हणजे शेपूट पार व्हायला 12-13 सेकंद. ताशी 60 नं येणारी जीप तेवढ्यात 200 मीटरच्या वर येते. म्हणून गाडीवानाला दोन्ही बाजूंना 200 मीटर मोकळं दिसायला हवं. उन्हाळ्यात दिसतंही. दिवाळीनंतर मात्र धुऱ्यापर्यंत तूर डोक्याच्या वर गेलेली असते, नालीत बेशरम माजलेली, आणि उरलेल्या फटीत वाढदिवसाचा फ्लेक्स. कोपऱ्यावरच्या तुरीच्या दहा ओळी सोडा, तिथं हरभरा घ्या. कोयता आणि गावची समजूत यावर निम्मा फाटा सुटतो, निविदा लागत नाही.

गतिरोधकाचं मात्र आपण हसं केलंय. अपघात झाला की रात्रीतून फूटभर रुंदीचा काँक्रीटचा वरवंटा आडवा पडतो. मापं ठरलेली आहेत: रुंदी 3.7 मीटर, उंची 10 सेंटिमीटर, गोलाईची त्रिज्या 17 मीटर. त्यावरून ताशी 25 नं गाडी अलगद जाते. वरवंट्यावर ट्रॉलीची पिन उसळते, आणि दुचाकीवाले कडेच्या मुरमावरून पळ काढतात, तिथंच घसरतात. गतिरोधक गावातून येणाऱ्या लहान रस्त्यावर टाकायचा, मोठ्यावर नाही. राष्ट्रीय महामार्गावर तर नाहीच. अर्ज कुठं करायचा ते किलोमीटरचा दगड सांगतो: पिवळा माथा राष्ट्रीय महामार्ग, हिरवा राज्य मार्ग. हिरवा असेल तर बांधकाम विभाग, गावरस्ता असेल तर जिल्हा परिषद. प्रत जिल्हा रस्ता सुरक्षा समितीला.

पाटी मंजूर झालीच तर खांबाचा खड्डा काढलेल्या काळ्या मातीनं बुजवू देऊ नका. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, आणि पाटी दोन वर्षांत आभाळाकडं बघते. खाली मुरूम ठोकायचा, वर काँक्रीट.

मोजणी दसऱ्यानंतर, कापूस निघाल्यावर करा. एक दिवस बाजाराचा, एक साधा. फाट्याच्या प्रत्येक बाजूला कॉलेजचं एक पोरगं, सकाळी 7 ते 11 आणि दुपारी 3 ते 7. रकाने सहा: दुचाकी, कार-जीप, एसटी-ट्रक, ट्रॅक्टर-ट्रॉली, बंडी, पायी. शेवटचा रकाना लोक आखायचाच विसरतात, आणि शाळा सुटते तेव्हा सगळ्यात आधी तोच भरतो.