‘गेम’ शब्दावर अडलेली फाईल

स्वतः केलेला गेम कॉलेजात खेळवायला परवानगीचा अर्ज करणार असाल तर विषयाच्या ओळीत ‘गेम’ लिहू नका. आमचे जवळपास दोन महिने त्या एका शब्दात गेले.

कक्षेत उपग्रह सोडायचा छोटा गेम आम्ही दोघा मित्रांनी केला होता, सोबत एका कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या मॅडम. पहिल्याच दिवशी त्यांनी विचारलं, “हा दर फेरीला बाहेर सरकतोय. ह्याला ऊर्जा कोण देतंय?” प्रत्येक फ्रेमला आम्ही गुरुत्वाकर्षण जुन्या जागेवरून काढून ठेवत होतो, मग जुन्याच वेगाने जागा बदलत होतो आणि वेग नंतर. दोन ओळींची अदलाबदल केली, कक्षा जागेवर बसली. असा माणूस आधीच गाठा, गेम अर्धा झाल्यावर नाही.

मग कॉलेजच्या लॅबमध्ये मुलांना खेळवून बघायचं ठरलं. २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनी. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात अर्ज घेऊन गेलो. बाबूंनी चष्मा वर केला, “गेम? गेम खेळाले कॉलेज हाय का जी?” आवक क्रमांक पडला, पुढे काही नाही. दुसऱ्या खेपेला साहेब मीटिंगमध्ये, तिसऱ्या खेपेला रजेवर. चौथ्या खेपेला कळलं, फाईल टेबलावरच आहे, वर वार्षिक स्नेहसंमेलनाची बिलं. पाचव्यांदा ‘मुलांचं नुकसान होणार नाही’ असं हमीपत्र मागितलं. नागपुरात सीताबर्डीत टाईप करून आणलं, तर प्रत एकच होती, दोन हव्या होत्या. (आवक क्रमांकाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा, तोच कामी आला.) ज्यांच्या शोधामुळे विज्ञान दिन असतो ते सी. व्ही. रामनही अर्थखात्याच्या नोकरीत काही काळ नागपुरात होते. त्यांच्या टेबलावर फायली किती दिवस राहत, देव जाणे.

विज्ञान दिन गेला. शेवटी मॅडमनी नवा अर्ज लिहिला: ‘कक्षीय गतीचे संगणकीय प्रात्यक्षिक’. गेम तोच, एक ओळ बदललेली नाही. दुसऱ्या दिवशी शिक्का. मी तिथेच हसलो, बाबू नाही हसले.

जमिनीवरून सोडलेली वस्तू पृथ्वीच्या ओढीतून सुटायला सेकंदाला सुमारे ११.२ किमी वेग लागतो. लॅबमध्ये सगळ्यांनी त्याच्या वर आकडे टाकून उपग्रह पळवून लावले. एका पोराने मुद्दाम ११.१ टाकला. ठिपका चंद्राइतका लांब गेला, पोरं म्हणाली गेला. तो पोरगा हटूनच बसला. तास संपल्याची घंटा झाली, तेव्हा ठिपका वळला होता.