झोपेची गोळी सोडताना: दोनवरून पाववर

रोज रात्री अल्प्राझोलाम ०.५ मिलिग्रॅम, नऊ वर्षं. वय ६८. ती सोडायला सोळा आठवडे लागले. आपल्या कितीतरी जणींच्या उशाशी हीच पट्टी असते, म्हणून कसं केलं ते लिहिते.

आधी घरातल्या सगळ्या पट्ट्यांच्या मागची बारीक अक्षरं वाचा. माझ्या पोटदुखीच्या गोळीत क्लिडिनियमबरोबर क्लोरडायझेपॉक्साइड निघालं, म्हणजे अल्प्राझोलामच्याच गटातलं भावंड! तीही डॉक्टरांना दाखवा, नाहीतर कमी करण्याचा सगळा हिशेब चुकतो.

डॉक्टरांनी ०.५ ऐवजी ०.२५ च्या गोळ्या दिल्या. दोनची दीड करून तीन आठवडे, मग एक चार आठवडे, अर्धी सहा, पाव तीन. तुमचा वेग तुमचे डॉक्टरच ठरवतील. एकदम बंद मात्र कधीच करू नका, फिट येऊ शकते. एक दिवसाआड घेणंही चुकीचं. हे औषध शरीरातून लवकर उतरतं, त्यामुळे रिकाम्या रात्री त्रास उसळतो.

गोळी सुरीने तोडली की चुरा होतो. स्टीलच्या झाकणीत, मधल्या रेघेवर नवं ब्लेड ठेवून सरळ खाली दाबायचं. एका वेळी एकच कापा, उरलेला तुकडा कोरड्या डबीत. पाव तुकडे सारखे होत नाहीत, तेवढा फरक चालला. पट्टीवर एसआर (म्हणजे औषध हळूहळू सोडणारी गोळी) लिहिलं असेल तर ती गोळी तोडायचीच नाही.

दर पायरीला पहिले काही दिवस वाईट जातात: धडधड, घाम, हाताला कंप, तीन वाजता टक्क जाग. जुना आजार उलटला असं वाटतं आणि बहुतेक जणी इथेच पुन्हा पूर्ण गोळी घेतात. बहुतेक वेळा तो आजार नसतो, मात्रा उतरल्याचा त्रास असतो. अशा वेळी पुढची पायरी लांबवायची. अर्धीवर मी सहा आठवडे थांबले ते त्यामुळेच. भ्रम झाला किंवा फिट आली तर मात्र थेट दवाखाना.

हे औषध एच-१ यादीत, म्हणजे कडक नोंद ठेवून विकायच्या औषधांच्या सरकारी यादीत आहे. केमिस्ट चिठ्ठी बघून रजिस्टरमध्ये नोंद करतो, चिठ्ठीशिवाय देत नाही. म्हणून आठवड्याच्या गोळ्या हातात असतानाच नवी चिठ्ठी घ्या. मधेच संपल्या तर ते एकदम बंद केल्यासारखंच.

दुपारची झोप आणि चारनंतरचा चहा बंद. बाथरूमच्या वाटेवर रात्रभर झिरोचा दिवा. सर्दीचं सिरप विचारल्याशिवाय नाही, त्यातही गुंगी असते आणि या वयात एका पडण्यात खुबा मोडतो.