किडनी काढली, पण कोणता कोड?

मेडिकल कोडिंगमध्ये (विम्याच्या बिलासाठी आजार आणि उपचारांना ठरलेले कोड देण्याच्या कामात) आजचा दिवस अमेरिकी चार्टमधल्या नेफ्रेक्टॉमीचा, म्हणजे किडनी काढण्याच्या शस्त्रक्रियेचा. शीर्षकात ‘लॅप नेफ्रेक्टॉमी’ (दुर्बिणीने केलेली) दिसलं की हात थेट साध्या नेफ्रेक्टॉमीच्या ५०५४६ कडे जातो. थांबा, ऑपरेटिव्ह नोट (शस्त्रक्रियेची नोंद) शेवटपर्यंत वाचा. गेरोटा फॅशिया (किडनीभोवतीचं आवरण), भोवतालची चरबी, लिम्फ नोड आणि किडनीवरची ॲड्रिनल ग्रंथीही काढली असेल तर ती रॅडिकल, म्हणजे ५०५४५. ॲड्रिनलचा वेगळा कोड लावायचा नाही. किडनीचा फक्त भाग काढला तर ५०५४३. रोबोट वापरला तरी सीपीटी (शस्त्रक्रियेचा कोड) लॅपचाच. दुर्बिणीने सुरू करून मध्येच पोट उघडलं, तर फक्त ओपनचा कोड आणि जोडीला हा बदल सांगणारा आयसीडी (निदानाचा) कोड झेड५३.३१.

खरी डोकेदुखी निदानाच्या कोडमध्ये, सीकेडीची (किडनीच्या जुनाट आजाराची). २०२० च्या ऑक्टोबरपासून स्टेज ३ फुटली: ३ए साठी एन१८.३१, ३बी साठी एन१८.३२. ईजीएफआर (किडनी किती गाळते याचा आकडा) ३८ दिसतोय म्हणून आपणच ३बी ठरवायचं नाही. स्टेज डॉक्टरांनीच लिहायला हवी, नाहीतर त्यांना क्वेरी (लेखी विचारणा) पाठवा. (क्वेरीचा कंटाळा केला की डिनायल, म्हणजे विमा कंपनीचा नकार, ठरलेलं!) सोबत बीपी असेल तर डॉक्टरांनी संबंध नाकारला नसल्यास नुसत्या बीपीच्या आय१०ऐवजी आय१२.९, आणि स्टेज ५ किंवा ईएसआरडीला (किडनी निकामी होण्याच्या शेवटच्या टप्प्याला) आय१२.०. डायलिसिस चालू असेल तर झेड९९.२ विसरू नका.