चेंगदूचे मॉल, हॉटपॉट आणि आईची अट

चीनला जायचं ठरलं तेव्हा आईने एकच अट घातली होती. "बीफ चुकूनसुद्धा पोटात जायला नको. मासे, कोंबडी काय ते चालेल." ऐकायला सोपी वाटते. पण सिचुआनच्या राजधानीत, चेंगदूमध्ये, ती पाळायची तर डोळ्यांत तेल घालून बसावं लागतं. तिथल्या लाल हॉटपॉटचा (टेबलावरच्या उकळत्या रश्श्यात पदार्थ शिजवून खायचं जेवण) मसाला पिढ्यान्‌पिढ्या बीफच्या चरबीत परतला जातो. तुम्ही नुसते बटाटे आणि पालेभाजी मागवलीत तरी चरबी रश्श्यात असतेच.

जेवणाच्या आधी पैशांचं बोलते, कारण खरी तयारी तिथे लागते आणि ती घरी बसूनच करायची असते. चेंगदूत मोबाइलवर कोड स्कॅन करून पैसे देणं इतकं अंगवळणी पडलंय की नोट पुढे केली तर काउंटरवरची मुलगी सुटे शोधत बसते. अलिपे या चिनी पेमेंट ॲपमध्ये आपलं व्हिसा किंवा मास्टरकार्ड जोडता येतं. पासपोर्टचा फोटो द्यावा लागतो. मात्र त्याआधी बँकेच्या ॲपमध्ये जाऊन कार्डाचा परदेशी वापर सुरू करून घ्या, आपल्याकडे तो बहुतेक वेळा बंदच असतो. ओटीपी भारतीय नंबरवर येतो, म्हणून सिम काढून ड्रॉवरमध्ये ठेवू नका. रोमिंग घेतलं की व्हॉट्सॲप आणि गूगलही चालतात, हॉटेलच्या वायफायवर चालत नाहीत. आणखी एक, परदेशी कार्डावर एका वेळी 200 युआनपर्यंत जादा आकार नाही, त्यावर गेलात की तीन टक्के लागतात.

आम्ही उतरलो होतो चुनशी रोडजवळ. मेट्रोच्या लाइन 2 आणि 3 इथे मिळतात आणि वर आलं की समोर आयएफएस मॉल. त्याच्या भिंतीवर एक अवाढव्य पांडा चढतोय: पंधरा मीटर उंच, तेरा टनांचा, लॉरेन्स अर्जेंट या शिल्पकाराने केलेला. रस्त्यावरून त्याची फक्त पाठ दिसते. तोंड बघायचं तर सातव्या मजल्यावरच्या गच्चीत जायचं आणि फोटोसाठी रांग लावायची. आई रांगेत उभी राहिली नाही. "मला मागूनच आवडला," म्हणाली.

मजल्यांचा एक घोळ आधीच सांगते. तिथे आपला तळमजला हाच पहिला मजला. वरचे मजले चकचकीत ब्रँड्सचे, त्यातलं काही आम्हाला घ्यायचं नव्हतं. लोकही फार घेताना दिसले नाहीत. गर्दी असते ती अगदी वरच्या मजल्यांवरच्या रेस्टॉरंटांत आणि तळघरात, बी-1, बी-2 मध्ये. मॉलच्या दारात आपल्यासारखी बॅग तपासत नाहीत, मेट्रोत मात्र प्रत्येक वेळी पट्ट्यावर टाकावी लागते. आईला हा उलटा कारभार शेवटपर्यंत पटला नाही.

शेजारी ताइकू ली. तो मॉल वाटतच नाही, दोन-तीन मजली, उतरत्या छपरांच्या गल्ल्या आणि मधोमध जुनं दात्सी मंदिर. ह्युएन त्संगने इ.स. 622 मध्ये चेंगदूतच दीक्षा घेतली होती आणि या मंदिराशी त्याचं नाव जोडलं जातं. पुढे पुलकेशीच्या काळात महाराष्ट्रात येऊन इथल्या लोकांबद्दल लिहून ठेवणारा तोच हा माणूस. महागड्या घड्याळांच्या दुकानाला खेटून त्याचं मंदिर बघताना मला मजा वाटली. शहराच्या दक्षिणेला ग्लोबल सेंटरही आहे, साधारण सतरा लाख चौरस मीटरची एकच इमारत, आत कृत्रिम समुद्रकिनारासुद्धा. पाय दुखले, एवढंच आठवतं.

आता हॉटपॉट. संध्याकाळी सहानंतर चांगल्या ठिकाणी थेट टेबल मिळत नाही. दारातल्या यंत्रावर किती माणसं ते सांगायचं, नंबरची चिठ्ठी घ्यायची आणि बाहेरच्या स्टुलांवर बसायचं. लहान, मध्यम, मोठ्या टेबलांचे नंबर वेगळे चालतात, त्यामुळे आपल्यामागून आलेला आधी आत गेला म्हणून भांडू नये. (आई निघालीच होती.) नंबर चिनीत पुकारतात. चिठ्ठी हातात धरून दाराशी उभं राहिलं की मुली स्वतःच बघून बोलावतात.

टेबलावरचा कोड स्कॅन केला की मेन्यू फोनवर येतो, सगळा चिनीत. स्क्रीनशॉट काढून भाषांतर करत बसले. बीफचा प्रश्न मात्र ॲपवर न सोडता मी वाक्य आधीच लिहून ठेवलं होतं: आम्ही गोमांस खात नाही, त्याची चरबी रश्श्यातही चालत नाही. वाढणाऱ्या मुलीने ते वाचलं, स्वतःच्या फोनवर काहीतरी टाइप करून माझ्यासमोर धरलं: वनस्पती तेलाचा लाल रस्सा आहे, चालेल का? असा रस्सा बऱ्याच ठिकाणी असतो, फक्त विचारावा लागतो. आम्ही दोन खणांचं भांडं घेतलं, एकीकडे तो, कमीत कमी तिखट, दुसरीकडे मशरूमचा. कमळकाकडी, टोफू, काळे मशरूम, रताळ्याच्या जाड शेवया आणि मासा. अर्धे भाग मिळतात, ते घ्यावेत. बुडवायला तिळाचं तेल आणि ठेचलेला लसूण. ऑयस्टर सॉसची बाटलीही तिथेच असते, कडक शाकाहारींनी लक्ष ठेवावं.

पहिला घास घेऊन आई थांबली. जीभ झिणझिणली होती. झाऱ्याने रश्श्यातला एक दाणा काढून तिने नाकाशी नेला.

"अगं, हे तर तिरफळ!"

जवळजवळ तेच. सिचुआन मिरी आणि कोकणातलं तिरफळ एकाच कुळातली, पण झाडं वेगळी. आपण बांगड्याच्या आमटीत चार ठेचून टाकतो, हे लोक मूठभर ओततात. त्यानंतर आईला तिखटाची भीती राहिली नाही, मशरूमचा खण जवळपास माझ्याच वाट्याला आला. प्यायला मागितलं की गरम पाणी येतं. थंड हवं तर आंबट आलुबुखारचं सरबत मागवा, ते उतारा म्हणून उत्तम. दोघींचं बिल दोनशे युआनच्या आत राहिलं.

दुपारी आम्ही तळघरात खायचो. तिथे पदार्थ समोर दिसतात, बोट दाखवलं की काम होतं. गोडसर-तिखट जाड नूडल्स, थ्येन शुई म्येन, त्यांत मांस नसतं. दान दान नूडल्सवर डुकराचा खिमा असतो आणि मापो टोफूत परंपरेने बीफचा, तेव्हा नुसतं टोफू नाव बघून हुरळून जाऊ नका. साध्या भाज्याही कधी कधी डुकराच्या चरबीत परततात. निव्वळ शाकाहारी मंडळींनी मेट्रोच्या लाइन 1 ने वेनशू मठ गाठावा. तिथे मठाचंच शाकाहारी भोजनालय आहे आणि चहाची बाग आहे. दुपारी बारालाच जा, चेंगदू वेळेवर जेवतं.