तुम्ही विचारलंत म्हणून: काचेच्या कपाटातला डेल्गाडो

घरी कुणी पहिल्यांदा आलं की चहाचा कप घेऊन त्या काचेच्या कपाटापाशी थांबतंच. "आम्हाला वाटलं सचिनची बॅट असेल. हा कोण?" मिसिसागातल्या आमच्या गणपतीला येणाऱ्यांपासून नाशिकहून आलेल्या धाकट्या जावेपर्यंत सगळ्यांनी मला हेच विचारलंय. दारात चपला घालता घालता याचं उत्तर देता येत नाही, म्हणून आज नीट सांगते.

तो कार्लोस डेल्गाडो. अमेरिकेच्या ताब्यातल्या पोर्तो रिको बेटावरच्या आग्वादिया गावचा, इथल्या टोरोंटो ब्लू जेज या बेसबॉल संघाचा डावखुरा फलंदाज. १७ मोसमांत त्याने ४७३ होम रन मारले. होम रन म्हणजे आपला षटकार म्हणा, पण इथे फलंदाजाला एका सामन्यात चार-पाच वेळाच उभं राहायला मिळतं. वर्षाला ३० मारणारा मोठा गडी समजला जातो. डेल्गाडोने १९९७ पासून २००६ पर्यंत सलग दहा वर्षं ३० किंवा त्याहून जास्त मारले. एवढं करून तो वर्षातल्या निवडक खेळाडूंच्या ऑल-स्टार संघात आला फक्त दोनदा.

मी १९९८ साली इथे कॅनडात आले. पहिली काही वर्षं बेकरीत रात्रपाळी होती आणि ओव्हनशेजारच्या फळीवर एक रेडिओ असायचा. टॉम चीक आणि जेरी हॉवर्थ या समालोचकांच्या आवाजात मी हा खेळ आधी ऐकला, पाहिला नंतर. नियम कळत नव्हते तेव्हासुद्धा डेल्गाडो बॅट घेऊन आला की बरोबरच्या बायकांचे हात थांबतात, हे मला कळायचं.

कपाटात सगळ्यात वर आहे ते १९९२ सालचं बोमन कंपनीचं, खेळाडूचा फोटो असलेलं कार्ड. त्यावर त्याची सही आहे. ब्लू जेजने त्याला १९८८ मध्ये, सोळाव्या वर्षी, करारबद्ध केलं ते कॅचर, म्हणजे आपल्या यष्टिरक्षकासारखा, म्हणून. १९९४ च्या एप्रिलमध्ये मात्र त्याला लेफ्ट फील्डला, म्हणजे मैदानाच्या डाव्या टोकाला, उभं केलं आणि पहिल्या १३ सामन्यांत त्याने ८ होम रन मारले. सगळीकडे त्याचं नाव झालं. मग पिचर, म्हणजे चेंडू टाकणाऱ्या, लोकांनी त्याचं कच्चं अंग ओळखलं, फटके बसेनासे झाले आणि उन्हाळ्यात त्याची रवानगी पुन्हा खालच्या लीगमध्ये झाली. पक्की जागा मिळायला १९९६ उजाडलं. हे कार्ड मला आवडतं ते त्यामुळेच. पुढे काय वाढून ठेवलंय हे त्या पोराला ठाऊक नाही.

खालचा चेंडू बघा. दोन शिवणींमधल्या अरुंद पट्टीवर सही करायची असते आणि ती निळ्या बॉलपेनने केली तरच टिकते. त्याच चेंडूवर दुसरीकडे जीन बुडिग यांची छापील सही आहे. मेजर लीग ही इथली सर्वांत वरची पातळी, तिचे दोन भाग: अमेरिकन लीग आणि नॅशनल लीग. बुडिग तेव्हाचे अमेरिकन लीगचे अध्यक्ष. १९९९ पर्यंत दोन्ही लीगचे चेंडू वेगळे होते, २००० पासून सगळ्यांवर मेजर लीगचे प्रमुख, म्हणजे कमिशनर, बड सेलिग यांचं नाव येऊ लागलं. म्हणून चेंडू नुसता हातात घेतला तरी तो कुठल्या काळातला आहे याचा अंदाज येतो. माझा आहे १९९९ चा, म्हणजे डेल्गाडोच्या ४४ होम रनच्या वर्षाचा. दुसऱ्याच वर्षी त्याची सरासरी .३४४ झाली, म्हणजे शंभरातले चौतीस प्रयत्न यशस्वी, आणि ५७ डबल (दोन बेस मिळवून देणारे फटके) व ४१ होम रन निघाले. त्या चेंडूवरची शाई फिकट दिसते, ती माझी चूक. दोन उन्हाळे तो मी खिडकीत ठेवला होता. आपल्याला आवडणारी वस्तू उजेडात असावी, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. ऊन शाई खाऊन टाकतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

आता तिकीट. त्यावर स्कायडोम छापलंय, कारण स्टेडियमचं नाव रॉजर्स सेंटर झालं २००५ मध्ये. तारीख २५ सप्टेंबर २००३. ब्लू जेज विरुद्ध टॅम्पा बे डेव्हिल रेज. मोसम संपत आलेला, दोन्ही संघांना मिळवायचं असं काही उरलं नव्हतं. डेल्गाडोला सर्दी झालेली. तो चार वेळा बॅट घेऊन आला आणि चारही वेळा चेंडू कुंपणापलीकडे गेला. त्यातला पहिला त्याच्या कारकिर्दीतला तीनशेवा. सामना १०-८ असा जिंकला. एका सामन्यात चार होम रन मारणारा मेजर लीगच्या इतिहासातला तो फक्त पंधरावा खेळाडू. हे तिकीट मी नंतर विकत घेतलं. सही तिकिटाच्या मधोमध आहे, आसन क्रमांकावरून गेलेली, त्यामुळे कुणी कुठे बसून हे पाहिलं ते आता वाचता येत नाही.

त्या वर्षी त्याच्या फटक्यांवर १४५ धावा आल्या, दोन्ही लीगमध्ये सर्वांत जास्त. सर्वोत्तम खेळाडूचा मान मात्र अॅलेक्स रॉड्रिगेजला मिळाला आणि डेल्गाडो दुसरा आला. रॉड्रिगेजने २००९ मध्ये कबूल केलं की २००१ ते २००३ या काळात त्याने बंदी असलेली औषधं घेतली होती. हे आठवलं की मला अजून राग येतो.

जर्सी न्यूयॉर्क मेट्सची आहे, क्रमांक २१. पोर्तो रिकोत हा आकडा देवघरातल्या तसबिरीसारखा जपतात, कारण तो त्यांच्या लाडक्या बेसबॉलपटूचा, रोबेर्तो क्लेमेंतेचा. निकाराग्वाच्या भूकंपग्रस्तांना मदत घेऊन जाताना १९७२ च्या ३१ डिसेंबरला क्लेमेंतेचं विमान समुद्रात कोसळलं. डेल्गाडो तेव्हा सहा महिन्यांचा होता. टोरोंटोत त्याने २१ घातला होता, पण १९९७ मध्ये नावाजलेला पिचर रॉजर क्लेमन्स संघात आला आणि त्याला तो आकडा हवा होता. डेल्गाडोने दिला. क्लेमन्सने बदल्यात त्याला रोलेक्स घड्याळ दिलं. २००६ मध्ये मेट्सकडे गेल्यावर त्याने २१ परत घेतला आणि त्याच वर्षी समाजकार्यासाठीचा क्लेमेंते पुरस्कारही त्याला मिळाला.

ज्या गोष्टीसाठी मी त्याला सगळ्यात जास्त मानते, तिची वस्तूच नाही. अमेरिकेवरच्या २००१ च्या हल्ल्यांनंतर सामन्यांत सातव्या इनिंगला देशभक्तीचं गाणं लावू लागले. २००४ मध्ये डेल्गाडो त्यासाठी उभा राहत नव्हता. इराक युद्ध त्याला मान्य नव्हतं. शिवाय अमेरिकी नौदलाने पोर्तो रिकोच्या व्हिएकेस बेटावर सुमारे साठ वर्षं बॉम्बफेकीचा सराव केला होता, त्याविरुद्ध तो आधीपासून बोलत होता. त्याने गाजावाजा केला नाही, नुसता आत राहायचा. बातमी छापून आली आणि जुलैत न्यूयॉर्कच्या यांकी स्टेडियममध्ये लोकांनी त्याची हुर्यो उडवली. पुढे मेट्समध्ये संघाचा नियम म्हणून तो उभा राहिला. ते मला टोचलं, आजही टोचतं. पण परक्या देशात पगार घेत असताना एक पूर्ण मोसम बसून राहायला काय लागतं, हे इथे येऊन पोट भरणाऱ्या मला कळतं.

आणखी एक वस्तू माझ्याकडे कधीच येणार नाही: त्याची वही. प्रत्येक वेळी बॅटिंग करून आला की तो डगआउटमध्ये, म्हणजे मैदानाकडेच्या खेळाडूंच्या बाकांवर, बसून लिहायचा, कुठला पिचर, कुठला चेंडू, काय झालं. ४७३ चं गणित मला त्या वहीत दिसतं.

कंबरेच्या सांध्यामुळे २००९ च्या मे महिन्यात त्याचा मेजर लीगमधला खेळ थांबला. २०१५ मध्ये हॉल ऑफ फेमच्या, म्हणजे बेसबॉलमधल्या थोरांना जिथे कायमचं स्थान मिळतं त्या सन्मानाच्या, मतपत्रिकेवर त्याचं नाव आलं. ५४९ मतपत्रिकांपैकी २१ जणांनी त्याला मत दिलं, म्हणजे ३.८ टक्के. पाच टक्क्यांच्या खाली गेलं की नाव कायमचं उतरतं. एका मतदाराला दहाच नावं लिहिता येतात आणि त्या वर्षी रँडी जॉन्सन, पेद्रो मार्तिनेज यांच्यासारख्यांची गर्दी होती, हे खरं. तरी २१? बंदी असलेल्या औषधांबद्दलच्या मिचेल अहवालात ज्याचं नाव नाही, अशा माणसाला? २०२५ च्या डिसेंबरमध्ये एका समितीने पुन्हा विचार केला. १६ पैकी १२ मतं लागतात, त्याला ९ मिळाली. मी रात्री जागी होते.

हॉलमध्ये नाही म्हणून त्याच्या सह्या स्वस्त मिळतात. बेकरीच्या पगारात हे कपाट भरलं ते त्यामुळेच. उद्या तो आत गेला तर भाव चढतील आणि मला पुढचं काही घेता येणार नाही. चालेल.

पुढच्या वेळी याल तेव्हा तो चेंडू हातात घ्या, शिवण बोटांना लागू द्या. फक्त सहीवर अंगठा ठेवू नका.