आधी उचलून बघा

"ताई, चालवायची नंतर. आधी उचलून बघा."

हे दुकानदार नाही म्हणाला, शेजारी उभे असलेले एक काका म्हणाले. दुकानातला मुलगा डिस्प्ले, गिअर, रेंज (एका चार्जमध्ये किती अंतर जाते ते) असं सगळं उत्साहाने दाखवत होता. मी घडी घातलेली ई-सायकल उचलली. 22 किलो! पाच-सहा पावलांतच पेडल पोटरीला लागलं, बोटांना रग लागली.

"जिना किती मजल्यांचा?" काकांनी विचारलं.

पेठेतली जुनी इमारत, तिसरा मजला, लिफ्ट नाही. तेव्हापासून तेच डोक्यात घोळतंय. घडी होते म्हणजे नेता येते, असं आपण परस्पर धरूनच चालतो.

250 वॅटच्या आतली मोटर आणि ताशी 25 किमीच्या आतला वेग असला की नोंदणी नको, लायसन्स नको. ते बहुतेक मॉडेल्सना लागू होतं. खरा फरक वजनात आणि चाकात. 16 इंची चाकाची घडी आटोपशीर होते, पण आपल्या स्पीडब्रेकरवर कंबर लगेच बोलते. मला 20 इंचीच हवी. आणि बॅटरी निघणारी हवीच हवी. दोन-तीन किलो तिथेच उतरतात, शिवाय सायकल खाली लावून बॅटरी तेवढी घरात चार्ज करता येते.

कंपनीच्या रेंजवर मी फार विसंबणार नाही. ती बहुधा पेडल मारत, सपाट रस्त्यावर धरलेली असते.

तुमच्यापैकी कोणी रोज जिन्यावरून चढवतं का? बॅटरी काढून किती किलो भरते? आणि पुढे नवी बॅटरी केवढ्याला पडली?